गुणवत्तेचा खर्च: फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातली मशीन शॉप्स इथले मालक, क्वालिटी इंजिनिअर आणि अकाउंट सांभाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले रुपये हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत. त्या जागी आपापले दर घालून पाहा.

१. गुणवत्तेचा खर्च म्हणजे क्वालिटी डिपार्टमेंटवर होणारा खर्चच ना?

नाही. क्वालिटीच्या माणसांचे पगार, गेज, लॅब हा त्यातला एक भाग झाला. माल पहिल्याच फेरीत ड्रॉइंगप्रमाणे निघाला असता तर जो पैसा गेलाच नसता तो, आणि माल तसा निघावा व तसा निघाला की नाही हे कळावे म्हणून लावलेला पैसा, या सगळ्याची बेरीज म्हणजे गुणवत्तेचा खर्च. त्यातला बराचसा उत्पादन, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच यांच्या खात्यांत विखुरलेला असतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

हा विचार जुना आहे. जोसेफ ज्युरान यांनी १९५१ मध्ये खराब मालावर जाणाऱ्या, टाळता येण्याजोग्या पैशाकडे बोट दाखवले. जनरल इलेक्ट्रिकमधल्या आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ मध्ये या खर्चाची जी विभागणी मांडली, तीच आजही शॉपवर चालते.

२. या खर्चाचे चार प्रकार कोणते? आमच्या कामातली उदाहरणे देऊन सांगा.

प्रिव्हेन्शन म्हणजे दोष होऊच नये म्हणून आधी केलेला खर्च. मेथडिंग (धातू साच्यात कुठून, कसा जाईल याची आखणी) करताना सॉलिडिफिकेशनचे (धातू थिजण्याचे) सिम्युलेशन, फिक्स्चरवर (नग धरायच्या साधनावर) पोका-योकेची, म्हणजे नग उलटा बसूच न देणारी, पिन, नव्या मोल्डरचे प्रशिक्षण, पॅटर्नची ठरलेल्या वेळी दुरुस्ती, व्हेंडरकडे जाऊन त्याची प्रोसेस पाहणे.

अप्रेझल म्हणजे माल बरोबर आहे का हे बघण्याचा खर्च. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे) सॅम्पल, सॅण्ड लॅब, इनवर्ड आणि फायनल इन्स्पेक्शन, सीएमएम (मापे घेणारे यंत्र), बाहेरच्या लॅबचे टेस्ट रिपोर्ट.

इंटर्नल फेल्युअर म्हणजे दोष आपल्या गेटच्या आत सापडला तर होणारे नुकसान: स्क्रॅप, रिवर्क, वेल्डिंग करून दुरुस्ती, पुन्हा तपासणी, हीट फेकावी लागणे, रिजेक्शनमुळे मशीन थांबणे. एक्स्टर्नल फेल्युअर म्हणजे दोष ग्राहकाकडे पोहोचल्यावरचा खर्च: सेग्रिगेशन (साठ्यातून खराब नग वेगळे करणे), डेबिट नोट (ग्राहकाने आपल्या नावे टाकलेली वसुली), बदली माल, तातडीचे गाडीभाडे, वॉरंटी, आणि पार टोकाला रिकॉल, म्हणजे माल परत बोलावणे (प्रश्न १३).

पहिले दोन तुम्ही ठरवून करता. शेवटचे दोन तुमच्यावर येऊन पडतात. हा फरक लक्षात राहिला तर पुढचे सगळे सोपे जाते.

३. आमचे रिजेक्ट कास्टिंग परत फर्नेसमध्ये जाते. लोखंड कुठे वाया गेले? मग नुकसान कसले?

फाउंड्रीतून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि सर्वांत जास्त पैसाही याच समजुतीपायी जातो.

परत येते ते फक्त धातूचे मोल, तेही स्क्रॅपच्या दराने. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन बीड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. ६०० युनिट आणि ९ रुपये दर धरला तर टनामागे ५,४०० रुपये पहिल्यांदा गेले होते, तेच दुसऱ्यांदा जाणार. शिवाय मोल्डची वाळू, बेंटोनाइट, कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) आणि त्याचे रेझिन, इनॉक्युलंट, पोअरिंगची मजुरी, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करण्याची) चाके, लायनिंगची झीज, यातले काहीही परत मिळत नाही.

एसजी आयर्नमध्ये, म्हणजे मॅग्नेशियमचा उपचार केलेल्या चिवट बिडात, आणखी एक अडचण आहे. उपचारासाठी घातलेले मॅग्नेशियम पुन्हा वितळवताना जळून जाते, ते नव्याने घालावे लागते. आणि रिटर्नमध्ये (परत वितळवायच्या मालात) सिलिकॉन आधीच जास्त असते. फेरोसिलिकॉन मॅग्नेशियमच्या उपचारात ते पुन्हा वाढणार, म्हणून चार्जमध्ये रिटर्न किती घेता येईल यालाच मर्यादा पडते. रिजेक्शन वाढले की यार्डात रिटर्नचा ढीग साठतो आणि त्या ढिगात खेळते भांडवल अडकते.

एक गोष्ट नोंदवहीत बहुधा लिहिलीच जात नाही: फर्नेसचा वेळ. ऑर्डर भरपूर असताना दुसऱ्यांदा ओतलेले प्रत्येक कास्टिंग एका विकल्या जाणाऱ्या कास्टिंगची जागा घेते. याचा हिशेब प्रश्न ८ मध्ये आहे.

४. एकाच ब्लो होलची (गॅसमुळे कास्टिंगमध्ये पडलेल्या पोकळीची) किंमत कुठे किती पडते?

१० किलोचे एक हाउसिंग घेऊ. फेटलिंग होईपर्यंत त्यावर ९०० रुपये खर्च झाले, मशीनिंगचे ४०० रुपये, आणि परत वितळवायला धातूचे मोल किलोला ३५ रुपये.

दोष फेटलिंगला दिसला तर ९०० मधून धातूचे ३५० वजा जाऊन ५५० रुपये गेले.

बोअर करताना आत होल उघडा पडला तर १,३०० रुपये लागलेले असतात. हातात ९ किलोचा तुकडा उरतो, त्याचे ३१५. बोरिंग स्क्रॅपचे किरकोळ पैसे सोडले तर ९८५ रुपये गेले.

तोच नग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडला तर बदली नगाचे १,३००. तिथे पडलेला सगळा साठा वेगळा करायला दोन माणसे दोन दिवस, ९०० रुपये रोजाने ३,६००. गाडीभाडे आणि मुक्काम ४,०००. ग्राहकाचा डेबिट ५,०००. बेरीज १३,९००. लाइन थांबली असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो.

तिन्ही वेळा रिजेक्शन रजिस्टरमध्ये नोंद एकच: ब्लो होल, नग १. नगांवरून दोषांचा क्रम लावणाऱ्या पॅरेटो आलेखावर मी म्हणूनच विसंबत नाही. नगांऐवजी रुपये मांडा. यादीतला चौथा-पाचवा दोष पहिल्या जागी येऊन बसतो, असे अनेकदा घडते.

५. मग दोष एक टप्पा पुढे गेला की खर्च दहापट, हा १:१०:१०० चा नियम खरा आहे का?

तो अंदाजाचा ठोकताळा आहे, मोजून काढलेला नियम नव्हे. वरच्याच उदाहरणात पहिली उडी दुपटीपेक्षा कमी आहे आणि दुसरी चौदापट. जॉबवर्कवर फक्त मशीनिंग करणाऱ्याचे चित्र आणखी वेगळे दिसेल, कारण कास्टिंग ग्राहकाचे असते आणि मशीनिंगच्या दोषाने ते खराब झाले तर पूर्ण किमतीचा डेबिट येतो. दोष जितका उशिरा सापडेल तितका महाग, एवढी दिशा खरी. आकडे तुमचे तुम्हीच काढायचे.

६. विक्रीच्या किती टक्के खर्च योग्य मानायचा?

१५ ते २० टक्के असा आकडा व्याख्यानांतून सर्रास ऐकू येतो. त्याच्याशी स्वतःला ताडून पाहण्यात अर्थ नाही. कोण काय मोजतो यावर टक्केवारी अवलंबून असते: एक जण रिवर्कची मजुरी धरतो, दुसरा धरत नाही. धातूचा भाव वाढला की विक्रीचा आकडा फुगतो आणि काहीही न सुधारता टक्केवारी खाली येते. त्यामुळे एका टनामागे किंवा मशीनच्या एका तासामागे किती रुपये, असेही मोजावे. आणि तुलना करायची ती आपल्याच मागच्या तिमाहीशी. ग्रुपमधल्या दोन प्लांटची या आकड्यावर स्पर्धा लावली की दोन्हीकडचे लोक कमी मोजायला शिकतात.

७. अकाउंटंट म्हणतात, टॅलीत असे हेडच नाही. आकडे आणायचे कुठून?

तसे हेड नसतेच. हा वैधानिक हिशेब नाही, निर्णयासाठीचा हिशेब आहे. त्यामुळे शेवटच्या रुपयापर्यंत जुळण्याची गरज नाही.

सुरुवात करायला पाच कागद पुरतात: रिजेक्शन आणि रिवर्क रजिस्टर, ग्राहकांच्या डेबिट नोटा, ट्रान्स्पोर्टची बिले, ओव्हरटाइमची हजेरी आणि क्वालिटीच्या माणसांचे पगार. ट्रान्स्पोर्टच्या बिलांतून नेहमीच्या फेऱ्या वगळा. उरलेल्या प्रत्येक जादा गाडीचे कारण डिस्पॅचवाल्याला विचारा, त्याला ते पाठ असते. ओव्हरटाइमचेही तसेच. शनिवारी रात्री थांबलेली पोरे नव्या ऑर्डरसाठी थांबली होती की परत आलेला लॉट निवडत होती, हे सुपरवायझर सांगतो.

डेबिट नोटांबाबत एक काळजी घ्या. पुष्कळ ठिकाणी त्या थेट विक्रीतून वजा होतात किंवा 'रेट डिफरन्स'मध्ये मिसळतात. वर्षभराच्या नोटा एकदा हाताने वेगळ्या काढल्याशिवाय बाहेरच्या अपयशाचा खरा आकडा दिसत नाही.

एक-दोन महिने एवढेच करा. सॉफ्टवेअर नंतर घ्या.

८. रिजेक्शनची किंमत नेहमी सारखीच धरायची का? मंदीत आणि तेजीत फरक पडतो का?

खूप पडतो. मशीन रिकामे असेल तर खराब झालेल्या नगाचे नुकसान म्हणजे त्यात गेलेला माल, वीज, टूल. मजूर आणि मशीन तसेही उभे होते. पण ते मशीन सगळ्या शॉपची अडलेली जागा असेल, म्हणजे तीन पाळ्या चालूनही माल पुरत नसेल, तर तिथे गेलेला एक नग म्हणजे न विकला गेलेला एक नग. त्याच्या विक्रीतून माल आणि इतर बदलते खर्च जाऊन जे हाती राहिले असते, तेही गमावले.

समजा सहा मशीनच्या लाइनमध्ये होनिंग मशीन (बोअर घासून अचूक मापाला आणणारे) हे अडलेली जागा आहे. होनिंगच्या आधी सापडलेला दोष आणि होनिंगनंतर सापडलेला दोष यांची किंमत एकसारखी नाही, रजिस्टरमध्ये दोन्ही 'इन-प्रोसेस रिजेक्शन' असले तरी. तपासणीची जागा ठरवताना हे बघा: चांगला गेज अडलेल्या मशीनच्या आधी ठेवा, म्हणजे खराब नग तिथला वेळ खाणार नाही.

९. आम्ही १०० टक्के तपासणी करतो. तरी तक्रारी येतात आणि खर्चही वाढतो. कुठे चुकते?

डोळ्यांनी केलेली १०० टक्के तपासणी १०० टक्के दोष पकडत नाही. पाळीच्या शेवटी, कमी उजेडात, तोच नग हजारदा फिरवताना माणसाची नजर सुटते, त्यात त्याचा दोष नाही. एकामागे एक दोन तपासनीस बसवले तर पहिला दुसऱ्यावर विसंबतो आणि दुसरा पहिल्यावर. तुमचे तपासनीस एकमेकांशी आणि स्वतःच्या कालच्या निर्णयाशी किती सहमत आहेत, हे तीस-पन्नास नगांवर एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची चाचणी) करून आधी पाहा.

दुसरे असे की तपासणीने दोष वेगळा होतो, कमी होत नाही. अप्रेझल वाढते, इंटर्नल फेल्युअर वाढते, एक्स्टर्नल थोडे घटते. तक्रार आल्यावर तातडीचा बांध म्हणून हे ठीकच आहे. पण बहुतेक ठिकाणी तो बांध कायमचा होतो आणि तीन माणसे वर्षानुवर्षे त्याच टेबलावर बसतात. असा बांध घालतानाच तो कधी काढायचा, कुठले कारण दूर झाल्यावर काढायचा, हे लिहून ठेवा.

१०. प्रिव्हेन्शनवर खर्च करायला मालक तयार नाहीत. कुठून सुरू करू?

'क्वालिटी सुधारायला बजेट द्या' असे म्हटले तर नकार येणारच, आणि मालकाच्या जागी बसून पाहिले तर तो समजण्यासारखा आहे. एक दोष, एक कारण, एक खर्च असे मांडा.

पावसाळ्यातल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर कोअर हवेतली ओल धरतात, ओतताना जास्त गॅस सुटतो आणि ब्लो होल वाढतात. मागच्या दोन पावसाळ्यांचे आणि उन्हाळ्याचे ब्लो होलचे रुपये, प्रश्न ४ च्या रीतीने, समोरासमोर ठेवा. मधला फरक म्हणजे ओलीची किंमत. त्याच्या शेजारी कोअर ठेवायची बंद, कोरडी खोली, कोअरवर बनवल्याची तारीख-वेळ आणि जुने कोअर आधी वापरायची शिस्त, यांचा खर्च लिहा. फरक मोठा निघाला तर वेगळे पटवावे लागत नाही. आणि तो छोटाच निघाला, तर तुम्ही कारण चुकीचे धरले होते हे पैसे जाण्याआधी कळले.

झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) योजनेत प्रमाणनाच्या शुल्कावर केंद्र सरकार सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान देते. प्रमाणपत्राने दोष आपोआप जात नाहीत, पण पद्धत बसवण्याच्या निमित्ताने त्याचा उपयोग होतो.

११. फर्स्ट पीस तपासणी, कॅलिब्रेशन, रनर-रायझर, सेटिंगचे नग... हे कशात टाकायचे?

फर्स्ट पीस तपासणीने पुढचा लॉट वाचतो, तरी ती अप्रेझलच, कारण तिथे बनलेला नग मोजला जातो. गेजचे कॅलिब्रेशनही अप्रेझल. मशीनचे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स काही जण प्रिव्हेन्शनमध्ये धरतात, काही गुणवत्तेच्या खर्चाबाहेर ठेवतात. मी त्यातला फक्त अचूकतेसाठी केलेला भाग धरतो, उदाहरणार्थ स्पिंडलचा रनआउट तपासून दुरुस्त करणे.

रनर-रायझर (धातू साच्यात नेणारी वाट आणि थिजताना जादा धातू पुरवणारा साठा) हा कास्टिंगच्या पद्धतीचाच भाग आहे, तो फेल्युअर नव्हे. मात्र श्रिंकेजच्या (धातू आकसून पोकळी पडण्याच्या) भीतीने रायझर गरजेपेक्षा मोठा ठेवला असेल, तर ते जादा वजन गुणवत्तेचाच खर्च आहे, आणि तो कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. फायगेनबॉम यांनी कारखान्यात दडलेला दुसरा कारखाना म्हटले होते ते अशाच गोष्टींना. सेटिंगच्या नगांसाठी मर्यादा ठरवा. दोन नग मंजूर असतील तर तिसऱ्यापासून पुढचे इंटर्नल फेल्युअर.

वादग्रस्त बाब कुठे टाकली यापेक्षा दर महिन्याला त्याच ठिकाणी टाकली हे महत्त्वाचे.

१२. कास्टिंग व्हेंडरचे होते, त्याला पूर्ण डेबिट टाकला. म्हणजे आमचा खर्च शून्य ना?

डेबिटमध्ये बहुतेक वेळा कास्टिंगची किंमत आणि फार तर मशीनिंगचा दर वसूल होतो. तुटलेला इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक), मशीनचा गेलेला वेळ, चुकलेले डिस्पॅच आणि त्यापायी पाठवलेली जादा गाडी तुमच्याच अंगावर राहते. म्हणून आधी पूर्ण खर्च लिहा, वसुली वेगळ्या ओळीत वजा दाखवा. नुसती निव्वळ रक्कम लिहिली तर सतत त्रास देणारा व्हेंडर कागदावर स्वच्छ दिसतो.

शिवाय छोट्या फाउंड्रीवर डेबिटचा मारा केला की ती पुढच्या वेळी दर वाढवून मागते किंवा चांगल्या मालाचे ग्राहक दुसरीकडे शोधते. त्यापेक्षा त्याच्या सॅण्ड लॅबमध्ये जाऊन बसलेला एक दिवस जास्त फळतो.

१३. वॉरंटीचे दावे दीड-दोन वर्षांनी येतात. ते कुठल्या महिन्यात धरायचे?

हिशेबवहीत ज्या महिन्यात आले त्या महिन्यात. पण विश्लेषणासाठी ते ज्या महिन्यात माल बनला त्या महिन्यावर टाका. कास्टिंगवरचा हीट नंबर यासाठीच असतो. तो शॉट ब्लास्टिंगनंतर वाचता येत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण शंका एका हीटची असताना पूर्ण महिन्याचा माल परत बोलवावा लागणे हा या धंद्यातला फार महागडा प्रसंग आहे.

मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ ने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत गेले, माणसे दगावली आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्यांनी या खर्चाला सरासरी लावू नये. असे दोष रुपयांच्या यादीत न मांडता वेगळे ठेवावेत आणि त्यावर आधी काम करावे.

१४. ऑडिटमध्ये हे विचारतात का?

आयएसओ ९००१:२०१५ मध्ये असा हिशेब ठेवण्याची सक्ती नाही. वाहन उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात मात्र मॅनेजमेंट रिव्ह्यूसमोर खराब गुणवत्तेचा, म्हणजे अंतर्गत आणि बाह्य अपयशाचा खर्च ठेवावा लागतो. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात तयार केलेला तक्ता अनुभवी ऑडिटर ओळखतो. त्या तक्त्यावरून कुठला निर्णय घेतला, हाच त्याचा पुढचा प्रश्न असतो.

१५. हिशेब सुरू केल्यावर खर्च वाढलेला दिसतो आहे. आम्ही बिघडलो का?

बहुधा नाही. आधी लपलेले आता मोजले जाते आहे. पहिले काही महिने आकडा चढतो, त्यावर कुणाला बोल लावू नका. एखाद्या ऑपरेटरच्या नावाने स्क्रॅपची वसुली सुरू झाली की खराब नग मशीनमागे, बोरिंगच्या ट्रॉलीत नाहीसे होतात आणि तुमच्याकडे खोटा हिशेब उरतो.

१६. एका मर्यादेनंतर दोष कमी करणे परवडत नाही, हे खरे का?

ज्युरान यांच्या सुरुवातीच्या आलेखात तसे होते: शून्य दोषाकडे जाताना प्रिव्हेन्शन-अप्रेझलचा खर्च उभा चढायचा आणि मध्ये कुठेतरी 'परवडणारे' रिजेक्शन निघायचे. फिलिप क्रॉसबी यांनी १९७९ मध्ये याच्या विरुद्ध बाजू जोरात मांडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ज्युरान यांच्या मांडणीतही आलेख बदलला आणि सर्वांत कमी खर्चाची जागा पूर्ण निर्दोष मालापाशी येऊ लागली.

माझे मत असे: दोष तपासून वेगळे काढत असाल तर जुना आलेख लागू पडतो, कारण शेवटचा दोष पकडायला खरोखर अफाट खर्च येतो. कारणच काढून टाकत असाल तर नाही. फिक्स्चरची पिन एकदा बसली की पहिल्या उलट्या नगासाठी आणि हजाराव्या उलट्या नगासाठी वेगळा पैसा लागत नाही.

१७. सगळे नग ड्रॉइंगच्या मर्यादेत, गेज 'गो'. तरी ग्राहक आवाजाची आणि गळतीची तक्रार करतो. हा खर्च आमचा कसा?

हे प्रकरण चार खान्यांत नीट बसत नाही. गेनिची तागुची यांची मांडणी इथे कामी येते: माप मध्यापासून जितके लांब, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात नुकसान. मर्यादेच्या आत ते शून्य होते आणि बाहेर पडताच पूर्ण, असे नसते.

४०.०० मिमीचा बोअर, मर्यादा अधिक-उणे ०.०२. टूल झिजेल म्हणून ऑपरेटर वरच्या टोकाला, ४०.०१८ वर सेट करतो, म्हणजे पाळी संपेपर्यंत हात लावावा लागत नाही. शाफ्टवालाही आपल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला चालला असेल तर दोघेही 'ओके' आणि जोड सैल. तुमच्याकडे रिजेक्शन शून्य, ग्राहकाकडे वॉरंटी.

असे असेल तर रिजेक्शन रजिस्टर बाजूला ठेवून मापांचा वितरण-आलेख आणि सीपीके (मापे मर्यादेच्या आत किती मोकळेपणाने बसतात, याचा आकडा) पाहा. टूल ऑफसेट किती नगांनी द्यायचा हे ठरवून द्या, आणि 'गो-नो गो' गेजच्या जोडीला निदान तासाला एकदा डायल बोअर गेजने प्रत्यक्ष माप लिहून घ्या. तो खर्च अप्रेझलमध्ये दिसेल. तक्रार दोघांपैकी कुणामुळे, हे ठरवायला ग्राहकाकडून शाफ्टची मापेही मागवा. ती मिळण्याआधी डेबिट मान्य करू नका.